कंपनीच्या कार्बनचा हिशेब कसा मांडायचा: स्टोअरच्या रजिस्टरपासून बीआरएसआरपर्यंत

मार्च संपला की आमच्याकडे दोन माणसांची झोप उडते, एक अकाउंट्सवाला आणि दुसरा मी. त्याच्याकडे निदान टॅली आहे, व्हाउचर आहेत, वर्षानुवर्षांची शिस्त आहे. माझ्याकडे काय, तर डीजी सेटजवळ (म्हणजे डिझेल जनरेटरजवळ) खिळ्याला टांगलेली तेलकट वही, एसी दुरुस्त करणाऱ्याची चुरगळलेली बिलं आणि वरून साहेबांचा प्रश्न, "आपला कार्बन किती निघतो रे?" मी पुण्याजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत हे काम बघतो. सुरुवातीला मलाही वाटायचं की काहीतरी मशीन लावून चिमणीतनं मोजत असतील. तसं काही नसतं हो. चिमणीला मीटर लावून मोजणारे फार थोडे, बाकी सगळं कागदावरचं गणित आहे. किती जाळलं, किती वीज घेतली, किती माल आणला, त्याला एक ठरलेला आकडा (फॅक्टर म्हणतात त्याला) गुणायचा आणि कार्बन डायऑक्साइडचे टन काढायचे. म्हणून म्हणतो, हे पर्यावरणाचं काम कमी आणि वहीखात्याचं जास्त आहे, आणि तुमच्या रिपोर्टची किंमत तुमच्या स्टोअरच्या रजिस्टरइतकीच.

हे करायला कोण लावतंय ते आधी सांगतो. शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या, मार्केट कॅपने पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बीआरएसआर सक्तीचा केलाय, म्हणजे बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट. त्यात नऊ प्रिन्सिपल आहेत, सहावं पर्यावरणाचं, आणि सगळी डोकेदुखी त्या सहाव्यात. आता तुम्ही म्हणाल आमची कंपनी लिस्टेड नाही, आम्हाला काय त्याचं. पण तुमचा कस्टमर लिस्टेड असतो ना, त्याला त्याच्या सप्लायरांचा आकडा हवा असतो, मग तो भोसरीतल्या पंधरा मशीनच्या शॉपलाही साठ प्रश्नांची एक्सेल धाडतो. युरोपला स्टील किंवा अॅल्युमिनियमचा माल जात असेल तर वेगळं प्रकरण, तिथे सीबॅम नावाचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या अर्थाने लागू झालाय, आणि त्यात नट-बोल्टसुद्धा येतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

जगभर ज्या पद्धतीने हा हिशेब होतो तिचं नाव जीएचजी प्रोटोकॉल. डब्ल्यूआरआय आणि डब्ल्यूबीसीएसडी या दोन संस्थांनी मिळून २००१ मध्ये काढला, २००४ मध्ये सुधारला. आयएसओ १४०६४ हे आंतरराष्ट्रीय मानक पण आहे, दोन्ही एकमेकांना धरूनच आहेत. तुम्ही एक्सेल उघडा, आपण चालू करू.

आधी कुंपण कुठे घालायचं ते ठरवा

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. कंपनी म्हणजे नक्की काय काय? चाकणचा प्लांट आला, गुजरातमधलं युनिट आलं, पण ज्या जॉइंट व्हेंचरमध्ये तुमचे ४९ टक्के आहेत त्याचं काय? भाड्याच्या गोडाऊनचं काय? प्रोटोकॉलमध्ये तीन रस्ते आहेत. एक, जितका हिस्सा तितका कार्बन धरायचा. दोन, जिथे आर्थिक ताबा आपला ते पूर्ण धरायचं. तीन, जिथे कामकाज आपण चालवतो ते पूर्ण धरायचं, मालकी कोणाची का असेना. बहुतेक कंपन्या तिसरा घेतात कारण डेटा जिथे आपलं चालतं तिथलाच मिळतो, दुसऱ्याच्या प्लांटमधलं बिल मागायला गेलं की चहा मिळतो, बिल मिळत नाही.

एकदा ठरवलं की ते एका पानावर लिहून काढा आणि सही घ्या. हे का सांगतोय, तर कुंपण हलवलं की कार्बन हलतो. समजा तुम्ही प्लांटमधली हीट ट्रीटमेंटची भट्टी बंद केली आणि तेच काम बाहेर जॉबवर्कला दिलं. तुमचा गॅस कमी, वीज कमी, रिपोर्टमध्ये आलेख सुरेख खाली. पण भट्टी तर जळतेच आहे, फक्त दोन गल्ल्या पलीकडे. असला उतार दाखवून टाळ्या घेणारे रिपोर्ट मी बघितलेत. आउटसोर्स केलेलं काम तिसऱ्या स्कोपमध्ये धरायचं असतं, आणि हे तिथे आलंय की नाही ते तपासणाऱ्याने पहिल्यांदा विचारावं.

स्कोपचं आता सांगतोच. स्कोप १ म्हणजे आपण स्वतः जाळतो किंवा आपल्याकडून गळतं ते. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, वाफ वगैरे. स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं जग, आणलेला माल, ट्रक, विमानं, कामगारांच्या बाइक, विकलेला माल गिऱ्हाईक वापरतो ते, तो भंगारात जातो ते. बीआरएसआरमध्ये पहिले दोन सगळ्यांना द्यावेच लागतात, तिसरा लीडरशिप इंडिकेटर म्हणून ठेवलाय, म्हणजे द्यायचा तर द्या.

प्लांटमध्ये एक चक्कर मारा, एक्सेल नंतर

ऑफिसात बसून यादी केली तर डिझेल, गॅस, वीज एवढंच आठवतं. मेंटेनन्सच्या जुन्या माणसाला बरोबर घ्या, गेटपासून सुरू करा, आणि दिसेल ते लिहा. डीजी सेट, फायर पंप, फोर्कलिफ्ट, कंपनीच्या गाड्या, पेंट शॉपचा ओव्हन, कँटीनचे सिलिंडर (कॉन्ट्रॅक्टर आणतो म्हणून सोडू नका, आम्ही धरतो), वेल्डिंगचा गॅस. मिग वेल्डिंगला जो कार्बन डायऑक्साइड लागतो तो सरळ हवेतच जातो, म्हणजे जितके किलो आणले तितके किलो उत्सर्जन, गुणाकाराचीही गरज नाही. अॅसिटिलीन एक किलो जळला की ३.३८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे अकरावीची केमिस्ट्री आठवत असेल त्याने स्वतः काढून बघावं. अग्निशमनचे सिलिंडर, सबस्टेशनच्या ब्रेकरमधला एसएफ-६ गॅस, सेप्टिक टँकचा मिथेन. आणि एसी. एसीबद्दल पुढे बोलतो कारण सगळ्यांची गाडी तिथेच घसरते.

ब्रिकेट म्हणजे दाबून केलेल्या विटा जाळत असाल, बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) किंवा भुशाच्या, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड स्कोप १ मध्ये धरायचा नाही, वेगळा दाखवायचा, कारण तो उसाने हवेतनंच घेतला होता. पण त्यातनं निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्ये येतो. साखर कारखान्यांच्या आकड्यांवरून जे गोंधळ होतात ते बहुतेक इथलेच. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉललाही हाच नियम.

डेटा गोळा करणं, म्हणजे खरं युद्ध

डिझेलपासून सुरू करू. खरेदीची बिलं जोडली आणि झालं असं करू नका. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, तेव्हा वापर निघतो. ३० मार्चला टँकर आला तर ते डिझेल पुढच्या वर्षी जळणार आहे. गाड्यांचं पेट्रोल पंपाच्या कार्डवरून मिळतं. ज्यांना कंपनी किलोमीटरमागे पैसे देते त्यांची गाडी कंपनीची नाही, ती स्कोप ३ मध्ये.

पाइपच्या गॅसचं बिल स्टँडर्ड क्युबिक मीटरमध्ये येतं, काही ठिकाणी एमएमबीटीयू या उष्णतेच्या एककात. दोन प्लांटची बिलं दोन एककांत आणि कोणीतरी सरळ बेरीज केलेली, हे दर वर्षी कुठे ना कुठे सापडतंच.

आता वीज. महावितरणचं एचटी बिल (हाय टेन्शन, म्हणजे मोठ्या दाबाने वीज घेणाऱ्यांचं) हातात घ्या. त्यात दोन आकडे असतात, केडब्ल्यूएच म्हणजे खरी वापरलेली वीज, आपलं नेहमीचं युनिट, आणि केव्हीएएच म्हणजे ग्रिडमधनं ओढलेली एकूण. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात एचटी ग्राहकांना केव्हीएएचवर बिल लागतं, त्यामुळे पैसे ज्या आकड्यावर लागले तोच ठळक दिसतो आणि हात आपोआप तोच उचलतो. पहिल्या वर्षी मी तेच केलं. पॉवर फॅक्टर म्हणजे या दोन्हींचं गुणोत्तर ०.९५ असेल तर केव्हीएएच केडब्ल्यूएचपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त निघतो, आणि वर्षाला ६० लाख युनिट खाणाऱ्या प्लांटमध्ये हा फरक साधारण २३० टन कार्बनचा होतो. डीजीचं सगळं डिझेल मिळून होत नाही तेवढा नुसत्या चुकीच्या रकान्यातनं! कार्बनसाठी नेहमी केडब्ल्यूएच घ्या, भिंतीवर लिहून ठेवा.

बिलाची तारीखही बघा. बिल महिन्याच्या मधल्या तारखेपासून पुढच्या मधल्या तारखेपर्यंतचं असेल तर वर्षाच्या दोन्ही टोकांना काटछाट करावी लागते. आणि छतावर सोलर असेल तर ती वीज जी तिथल्या तिथे वापरली ती महावितरणच्या बिलात दिसतच नाही. कार्बन तिचा शून्य, पण एकूण ऊर्जेच्या वापरात ती धरायची असते, त्यासाठी जनरेशन मीटरचं रीडिंग दर महिन्याला घेऊन ठेवा. हिंजवडीसारख्या आयटी पार्कमध्ये ऑफिस असेल तर बिल्डिंगवाल्याचा डीजी आणि कॉमन चिलर असतो, त्याने दिलेल्या डीजीच्या युनिटचा ब्रेकअप मागून घ्या, आपण तिथे वीज विकत घेतोय म्हणून ते स्कोप २ मध्ये जातं.

आणि आता एसी. एसीचं वीजबिल सगळ्यांना दिसतं, पण एसीतनं गळणारा गॅस कोणाला दिसत नाही. हिशेब सोपा आहे, वर्षभरात जेवढा गॅस पुन्हा भरला तेवढा गळला असं धरायचं. पण भरला किती? एसीवाल्याच्या बिलावर "गॅस टॉपअप, १ नग" एवढंच लिहिलेलं असतं. किती किलो? कुठला गॅस? पर्चेसला सांगून एएमसीच्या (वर्षाच्या देखभालीच्या कराराच्या) ऑर्डरमध्येच अट टाका की गॅसचं नाव आणि किलो लिहिल्याशिवाय बिल पास होणार नाही. आम्ही हे केल्यावर एका महिन्यात सगळे सरळ झाले, त्याआधी दोन वर्षं मी विनवण्या करत होतो.

एवढा आटापिटा का, ते गणितात कळेल.

गुणाकार

ग्रीनहाउस वायू सात धरतात, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, एचएफसी, पीएफसी, एसएफ-६ आणि एनएफ-३. प्रत्येकाची उष्णता धरायची ताकद वेगळी म्हणून सगळ्यांना कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत आणायचं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालाप्रमाणे शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन २८ पट, नायट्रस ऑक्साइड २६५ पट, एसएफ-६ तर २३,५०० पट. एसीतला आर-४१०ए साधारण १,९२४ पट, आर-३२ म्हणजे ६७७, गाडीच्या एसीतला आर-१३४ए १,३००. जुना आर-२२ असेल तर तो सातांच्या यादीत नाही, तो वेगळा दाखवतात. सहाव्या अहवालात आकडे थोडे बदललेत, कुठलाही घ्या पण एकच घ्या आणि तळटीपेत लिहा.

इंधनाचे फॅक्टर: डिझेल लिटरमागे साधारण २.६८ किलो, पाइपचा गॅस क्युबिक मीटरमागे साधारण २ किलो, एलपीजी किलोमागे जवळजवळ ३ किलो. भारतातल्या विजेचा फॅक्टर मात्र परदेशी डेटाबेसमधनं उचलू नका. तो आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडून म्हणजे सीईएकडून येतो, २०२३-२४ साठी युनिटमागे ०.७२७ किलो होता, आदल्या वर्षी ०.७१६. एक गंमत म्हणजे सीईएचा आकडा वर्ष संपल्यावर डिसेंबरच्या आसपास येतो आणि आपला रिपोर्ट मे-जूनमध्ये तयार लागतो, त्यामुळे हातात असतो तो एक वर्ष जुना. चालतं, फक्त कुठली आवृत्ती वापरली ते लिहा.

आता एक काल्पनिक प्लांट घेऊ, चाकणचाच समजा, २०० कोटी उलाढाल. डीजीला वर्षात ४०,००० लिटर डिझेल, म्हणजे १०७.२ टन. पाइपचा गॅस ३ लाख क्युबिक मीटर, ६०० टन. एसीत भरलेला आर-४१०ए फक्त २५ किलो, आणि त्याचे झाले ४८.१ टन. परत वाचा. दोन-तीन सिलिंडरांचा गॅस, आणि तो जवळजवळ १८,००० लिटर डिझेल जाळल्याच्या बरोबरीचा. म्हणून त्या "१ नग" वर माझा एवढा राग. स्कोप १ ची बेरीज ७५५.३ टन.

वीज ६० लाख युनिट गुणिले ०.७२७, ४,३६२ टन. दोन्ही मिळून ५,११७.३ टन, कोटीमागे २५.६ टन.

बीआरएसआरमध्ये ऊर्जा युनिटमध्ये नाही, जूलमध्ये मागतात. एक युनिट म्हणजे ०.००३६ गिगाजूल, म्हणजे वरची वीज २१,६०० गिगाजूल. इथे शून्यांची भानगड इतकी होते की छापून आलेल्या रिपोर्टमध्येसुद्धा हजारपट चुका दिसतात, म्हणून शेवटी एकदा उलटा भागाकार करून बघायचाच.

स्कोप २ चे दोन चेहरे

विजेचा कार्बन दोन पद्धतींनी काढतात, २०१५ च्या स्कोप २ मार्गदर्शनाप्रमाणे दोन्ही द्यायचे. लोकेशनवाल्या पद्धतीत तुम्ही ज्या ग्रिडवर बसलात त्याची सरासरी लागते, तुम्ही काय करार केलेत ते बघत नाहीत. मार्केटवाल्या पद्धतीत तुमचे करार धरतात. आपल्या प्लांटने ६० लाखांपैकी २० लाख युनिट ओपन अॅक्सेसने, म्हणजे महावितरणऐवजी थेट करार करून, सोलापूरकडच्या एखाद्या सोलर पार्कमधनं घेतले असं समजा, तर लोकेशनने ४,३६२ टनच राहतात आणि मार्केटने ४० लाखांचेच धरून २,९०८ टन. दोन्ही खरे आहेत. लबाडी तेव्हा होते जेव्हा गेल्या वर्षीचा लोकेशनचा आकडा आणि या वर्षीचा मार्केटचा आकडा शेजारी-शेजारी ठेवून "३३ टक्के घट" असं छापतात.

कागद लागतात ते असे: करार, महिन्याचं क्रेडिट दाखवणारं बिल, आणि हरित प्रमाणपत्रं कोणाच्या नावावर आहेत. छतावरच्या सोलरची प्रमाणपत्रं तुम्ही विकली असतील तर ती वीज हरित म्हणून सांगायचा हक्कही विकला गेला. आंबा विकून कोयीवर मालकी सांगता येत नाही.

स्कोप ३: जिथे खरा हत्ती बसलाय

आपल्या काल्पनिक प्लांटने वर्षाला ५,००० टन स्टील घेतलं. भारतात सरासरी एक टन स्टील बनवताना साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १२,५०० टन, एकट्या स्टीलचे. वर आपण वीज-गॅस-डिझेल सगळं धरून ५,११७ वर होतो! म्हणून मी म्हणतो की ऑफिसातले एलईडी बदलल्याचे फोटो टाकण्याआधी खरेदी खात्यात जाऊन बसावं. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केलीय, टनामागे २.२ पेक्षा कमी असेल तर हिरवं, आणि १.६ च्या खाली गेलं तर पाच तारे. सप्लायरला विचारायला आता निदान एक मोजपट्टी तरी आहे.

स्कोप ३ चे एकूण १५ प्रकार आहेत, आठ वरच्या बाजूचे म्हणजे सप्लायरकडून आपल्यापर्यंत, सात खालच्या बाजूचे म्हणजे आपल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत. पंधराही पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका, मरून जाल. आधी ढोबळ चाळणी लावा, कोण मोठा दिसतोय ते बघा. गाड्या बनवणाऱ्यांचा सगळ्यात मोठा प्रकार अकरावा, विकलेली गाडी आयुष्यभर जे पेट्रोल जाळते तो. बँकांचा पंधरावा, त्यांनी ज्यांना कर्ज दिलं त्यांचा कार्बन, त्यासाठी पीसीएएफ नावाची वेगळी पद्धत आहे, आणि बँकेने ऑफिसातला कागद वाचवल्याचं कौतुक सांगितलं की हसू येतं ते यामुळेच. पार्टवाल्यांचा पहिला, आणलेला माल. बाकी प्रकार एका दमात: ट्रक वाहतुकीला टन-किलोमीटर (मालाचे टन गुणिले अंतर) काढा, विमान प्रवास ट्रॅव्हल एजंटकडून मागवा, कामगारांच्या येण्याजाण्याचा सर्व्हे घ्या (बस किती, बाइक किती, अंतर किती), विजेच्या तारांमधली गळती तिसऱ्या प्रकारात, संपलं.

मोजायच्या पद्धती मात्र नीट समजून घ्या. सगळ्यात सोपी म्हणजे खर्चावरून, इतके कोटी खर्च गुणिले रुपयामागे इतका कार्बन. पहिल्या चाळणीला ठीक आहे. पण पुढे तिच्यावरच राहिलात तर गंमत बघा, स्टीलचा भाव पडला की तुमचा कार्बनही पडला, भाव चढला की चढला, आणि टन मात्र तेच आले होते गेटमधनं. दुसरी पद्धत टनावरून, वर केली तशी. तिसरी आणि सगळ्यात चांगली म्हणजे सप्लायरचा स्वतःचा आकडा. तो मिळवायचा तर सगळ्यांच्या मागे लागू नका, खरेदीच्या रकमेने वरचे वीस-पंचवीस काढा आणि त्यांच्यासाठी एक पानी फॉर्म करा: वीज किती युनिट, डिझेल किती लिटर, गॅस किती, एकूण माल किती टन, त्यातला आमचा किती. गुणाकार आपण करायचा. आम्हाला एका कस्टमरकडून इंग्रजीत साठ प्रश्न आले होते, त्यातला एक "तुमचं २०५० चं धोरण" असा. आमच्या खालच्या प्लेटिंगवाल्याला तोच फॉर्म पुढे ढकलला असता तर त्याने गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी येऊन धुतला असता मला. मी त्याच्याकडे जाऊन बसलो, बिलांचे फोटो काढले, पाऊण तासात काम झालं.

सेबीनेही मोठ्या कंपन्यांच्या व्हॅल्यू चेनची, म्हणजे सप्लायर आणि गिऱ्हाइकांची, माहिती मागायचं ठरवलंय, आधी अट कडक होती, मग सैल करून ज्याचा खरेदीत किंवा विक्रीत २ टक्के किंवा जास्त वाटा आहे त्यांच्यापुरती आणि तूर्त ऐच्छिक ठेवली. पण कस्टमर काही सेबीची वाट बघत थांबत नाही.

पाणी आणि कचरा

यावर थोडक्यात, कारण कागद आधीच असतात. पाणी तीन आकड्यांत लागतं, घेतलं किती, बाहेर सोडलं किती, आणि खरोखर संपलं किती. एमआयडीसीचं बिल, टँकरच्या पावत्या, बोअरचं मीटर (बोअरला मीटर नसेल तर आधी बसवा), ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) आउटलेटचं रीडिंग. घातक कचऱ्याचा आकडा एमपीसीबीला (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला) दर वर्षी जो फॉर्म ४ जातो त्याच्याशी जुळला पाहिजे, आणि सप्टेंबरला फॉर्म ५ म्हणजे एन्व्हायर्नमेंट स्टेटमेंट जातं त्याच्याशीही. बीआरएसआरमध्ये एक आणि मंडळाला दुसरा असं झालं तर उत्तर द्यायला तुम्हीच उभे.

गेल्या वर्षीशी तुलना

एकूण टन आणि कोटीमागे टन, दोन्ही द्यायचे असतात. कोटीमागचा आकडा फसवा आहे. मालाचे भाव वाढले की उलाढाल वाढते आणि इंटेन्सिटी, म्हणजे हा कोटीमागचा आकडा, घसरते, कोणी काही न करता. म्हणून शक्य तिथे उत्पादनाच्या टनामागे पण द्या, तोच आकडा शॉप फ्लोअरवरच्या माणसाला कळतो. बेस इयर, म्हणजे ज्याच्याशी पुढे तुलना करायची ते वर्ष, असं निवडा की जे नेहमीसारखं गेलं असेल. कोणी २०२०-२१ निवडलं असेल तर शंका घ्या, लॉकडाउनचं वर्ष होतं ते. प्लांट विकत घेतला, विकला, किंवा चूक सापडली आणि फरक साधारण ५ टक्क्यांच्या वर गेला तर बेस इयर परत काढायचं आणि का काढलं ते सांगायचं. माझ्या केव्हीएएचच्या चुकीसाठी मलाही मागचा आकडा दुरुस्त करून तळटीप द्यावी लागली, लाज वाटली पण नंतर ऑडिटर म्हणाला की ही तळटीप बघूनच बाकीच्यावर विश्वास बसला.

ऑडिटर येतो तेव्हा

बीआरएसआर कोअर नावाचा नऊ विषयांचा एक भाग सेबीने जुलै २०२३ मध्ये काढला आणि त्याची बाहेरच्या माणसाकडून तपासणी सक्तीची करत आणली, आधी पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, ५०० असं करत १००० पर्यंत. कार्बन, पाणी, ऊर्जा, कचरा हे त्यातले चार. ऑडिटर तुमची एक्सेल बघून खूश होत नाही, तो मधला एखादा महिना उचलतो, म्हणतो ऑगस्टचं डिझेल दाखवा, मग बिल, गेट एंट्री, स्टोअरची इश्यू स्लिप, डीजीचं लॉगबुक, मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. पाचांपैकी दोन कागदांवर वेगळे आकडे असले की तो वही मिटत नाही.

त्यामुळे एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्याच्या शेजारी रकाना ठेवा, कागद कुठे आहे, कोणी दिला, कुठला फॅक्टर, फॅक्टर कुठून आला. अंदाज केला असेल तर "अंदाज" असं स्पष्ट लिहा आणि कसा केला तेही. अंदाज करणं गुन्हा नाही, लपवणं आहे.

दावे करताना जीभ सांभाळा

इथे मार्केटिंगवाले येतात, त्यांना "कार्बन न्यूट्रल" लिहायची घाई असते. विकत घेतलेले कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने कमी केलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं) एकूण उत्सर्जनातनं वजा करून छापू नका, ते वेगळ्या ओळीत. नेट झीरो म्हणजे झाडं लावून मोकळं होणं नव्हे, कंपन्यांची कार्बन-लक्ष्यं तपासणाऱ्या एसबीटीआय या संस्थेच्या मापाने आधी साधारण ९० टक्के घट करायची, उरलेल्यासाठी हवेतनं कार्बन कायमचा काढायची सोय करायची. जाहिरातींसाठी एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्याच संस्थेचे नियम फेब्रुवारी २०२४ पासून आहेत आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे ऑक्टोबर २०२४ मध्ये आले, पुराव्याशिवाय "इको फ्रेंडली" लिहिलं तर अडचण होऊ शकते.

उलट आकडा वाढला तर लपवू नका. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या रिपोर्टमध्ये स्वतःच सांगितलं की २०२० पासून उत्सर्जन २९ टक्क्यांनी वाढलं, गूगलने सांगितलं की २०१९ पासून ४८ टक्के, कारण दोघांचंही डेटा सेंटर. एवढ्या मोठ्या घोषणा करून ठेवलेल्या कंपन्यांना हे लिहावं लागलं, तर आपल्याला चार टनांची लाज कशाला. कामाची पण एक गोष्ट सांगतो, महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये कंपनीच्या आतच कार्बनला टनामागे १० डॉलर भाव लावला, म्हणजे नवं मशीन घेताना त्याचा कार्बनही खर्च म्हणून धरायचा. आमच्याकडे मी हे साध्या पद्धतीने करायला लावलंय, नवीन कॉम्प्रेसरच्या प्रपोजलमध्ये एक ओळ, वर्षाला किती टन. कोणी वाचत नाही असं वाटायचं, परवा डायरेक्टरने त्याच ओळीवर बोट ठेवलं.

पहिल्यांदाच करणार असाल तर एप्रिलची वाट बघू नका. या महिन्याच्या पाच तारखेला गेल्या महिन्याची वीज, डिझेल, गॅस आणि एसीचा गॅस एवढे चारच आकडे बिलांसकट एका फोल्डरमध्ये टाका, पुढच्या पाच तारखेला परत. आणि एसीवाल्याला आजच फोन करा, किलोत लिही म्हणावं.